गोल पाठीची इलेक्ट्रो-अकूस्टिक गिटार: स्टेजसाठी घ्यावी का, आणि वापरलेली घेताना काय तपासावं?

खर्ज यांचा प्रश्न:

साधी ड्रेडनॉट (मोठ्या अंगाची, सपाट पाठीची लाकडी गिटार) आहे, पण बँडमध्ये वाजवताना ती फार घुमते. सोबत ड्रम, बास आणि कीबोर्ड. समोर जमिनीवर मॉनिटर स्पीकर, वाजवतानाच गायचं असतं, आणि बहुतेक काम स्ट्रमिंगचं. म्हणून गोल पाठीची, म्हणजे फायबर बाऊलवाली गिटार घ्यायचा विचार आहे. बघून ठेवलेली एक वापरलेली ओव्हेशन कंपनीची गिटार आहे: मध्यम खोलीचा बाऊल, स्प्रूस लाकडाचा टॉप (समोरची फळी), मधोमध एकच गोल साउंडहोल. बाराव्या फ्रेटवर जाड ई तारेखाली ३.२ मिमी आणि बारीक ई तारेखाली २.६ मिमी अंतर भरतं. ब्रिजच्या (तारा जिथे अडकतात त्या लाकडी ठोकळ्याच्या) मागे टॉप किंचित फुगल्यासारखा वाटतो.

विचारायचं आहे ते असं. फीडबॅक, म्हणजे हे घुमणं, खरोखर कमी होतो का? मध्यम बाऊल बरा की अगदी उथळ? सराव बसूनच होतो, तर मांडीवरून घसरते त्यावर काही इलाज आहे का? आणि ही अ‍ॅक्शन (फ्रेटपासून तारांची उंची) खाली आणता येईल का? प्लग न करता आवाज प्लास्टिकसारखा येतो असं सगळे म्हणतात, त्यात कितपत तथ्य आहे?

---

साउंडचेक यांचं उत्तर:

फीडबॅकपासून सुरुवात करतो, कारण या गिटारींबद्दल सगळ्यात जास्त गैरसमज तिथेच आहेत. "पाठ गोल, त्यामुळे समोरासमोर समांतर भिंती नाहीत, त्यामुळे आत स्थिर लहरी तयार होत नाहीत, म्हणून ती घुमत नाही" हे स्पष्टीकरण जिथे तिथे वाचायला मिळतं. जरा गणित करून बघा. सपाट पाठीच्या गिटारची खोली साधारण ११ सेंमी धरा. तेवढ्या अंतरात बसणारी सगळ्यात खालची स्थिर लहर ३४३ भागिले ०.२२, म्हणजे जवळपास १५६० हर्ट्झची. स्टेजवर गिटार घुमते ती १०० ते २५० हर्ट्झच्या आसपास. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही.

घुमण्याची मुख्य कारणं दोन. पहिलं, पोकळीतल्या हवेचा स्वतःचा सूर. तो बहुतेक मोठ्या गिटारींत १०० हर्ट्झच्या आगेमागे असतो, म्हणजे जाड तारेवरच्या जी (९८) आणि मोकळ्या ए (११०) च्या मध्ये. म्हणून नेमके हेच दोन सूर स्टेजवर अंगावर येतात. दुसरं, टॉपचा स्वतःचा सूर, साधारण २०० च्या आसपास. मॉनिटरमधून आलेला आवाज टॉपला हलवतो, टॉप सॅडलला (तारा टेकतात त्या ब्रिजमधल्या पट्टीला) हलवतो, सॅडलखालचा पिएझो (कंपनं टिपणारा पिकअप) तेच पुन्हा मॉनिटरला पाठवतो. गोल पाठीने यातलं काहीच मोडत नाही, टॉप लाकडी तो लाकडीच.

मग फायदा कुठून येतो? लाकडी पाठ मॉनिटरच्या आवाजाने स्वतः हलते आणि टॉपला आणखी ढकलते. फायबरचा बाऊल इतका कडक असतो की तो हलतच नाही, म्हणजे ती एक वाट बंद होते. उथळ बाऊलमध्ये हवा कमी, त्यामुळे खालचे सूर मुळातच दबलेले, म्हणून ती आणखी शांत. फायदा खरा आहे, पण "ही गिटार घुमतच नाही" असं समजून आवाज चढवलात तर दणका बसणारच.

काम सोपं करायचं असेल तर या क्रमाने करा. आधी साउंडहोलमध्ये रबरी झाकण घट्ट बसवा. तुमच्या गिटारला मधोमध गोल भोक आहे ही जमेची बाजू. ज्यांना वरच्या खांद्यावर पानाच्या आकाराच्या नक्षीत बारीक भोकं असतात, त्यांना हे झाकण बसत नाही. मग मिक्सरवर ९० ते १०० हर्ट्झच्या खालचं सगळं कापून टाका. सोबत बास वाजत असताना तिथलं काही कमी झाल्याचं ऐकणाऱ्याला कळत नाही. त्यानंतर आवाज हळूहळू वाढवत न्या. जिथे घुमायला लागेल तो सूर ओळखा आणि नॉच फिल्टर (एकच सूर दाबणारं बटण) त्याच सुरावर अरुंद ठेवून ६ डेसिबलपर्यंत खाली घ्या. गिटारमधल्या प्रीअँपवर (पिकअपचा आवाज वाढवणाऱ्या यंत्रावर) लहर उलटी करणारं फेजचं बटण असेल तर दोन्ही बाजूंना दाबून बघा. एका बाजूला घुमणं स्पष्ट कमी होतं, पण ते स्टेजवरच्या अंतरावर अवलंबून असतं, म्हणून घरी ठरवून जाता येत नाही.

पिएझोचा तो कर्कश, टणटणीत आवाज बाऊलमुळे येत नाही, सॅडलखालच्या कोणत्याही पिएझोचा तो स्वभाव आहे. १.५ ते ३ किलोहर्ट्झच्या मध्ये २-३ डेसिबल कमी करा आणि ट्रेबल वाढवायचा मोह टाळा. स्ट्रमिंगला ०.६ मिमीच्या आसपासचं पातळ पिक वापरा. जाड पिकने जोरात वाजवलं की प्रीअँपच्या आतच आवाज फाटतो, आणि मग बाहेरचा कुठलाही ईक्यू (सूर कमी-जास्त करायची बटणं) तो सुधारू शकत नाही. प्रीअँपचा व्हॉल्यूम ६०-७० टक्क्यांवर ठेवून उरलेला गेन मिक्सरवर घ्या. ९ व्होल्टची बॅटरी केबल जॅकमध्ये घातल्याक्षणी चालू होते, म्हणून कार्यक्रम संपला की केबल काढून ठेवा. लावूनच ठेवली तर बॅटरी उतरेल, आवाज आधी फाटेल, मग बसेल.

---

आडवी पट्टी यांचं उत्तर:

खोलीबद्दल साउंडचेक यांनी बोलता बोलता सांगितलं, पण निर्णय तिथेच व्हायचा आहे म्हणून थोडं सविस्तर.

खोल बाऊल प्लग न करता सगळ्यात भरदार वाजतो, पण पोटापासून लांब राहतो, उजवा खांदा वर उचलावा लागतो, आणि बसून धरायला तोच सगळ्यात त्रासदायक. अगदी उथळ बाऊल इलेक्ट्रिक गिटारसारखा अंगाला लागून राहतो, उभं राहून गाताना अतिशय सोयीचा, पण प्लग काढला की आवाज खोलीच्या दारापर्यंतसुद्धा धड पोचत नाही. मध्यम बाऊल दोन्हींच्या मधला. ज्यांचा सराव घरी आणि काम स्टेजवर, त्यांनी मध्यमच घ्यावा असं माझं ठाम मत आहे. फक्त स्टेजवरच वाजवायची असेल, घरी दुसरी गिटार असेल, आणि मागे ड्रम दणादण वाजत असतील, तरच उथळ. तुमच्याकडे ड्रेडनॉट आहेच, तेव्हा उथळचा विचार अगदीच चुकीचा नाही. पण हातातली गिटार निरोगी निघाली तर केवळ खोलीसाठी ती सोडू नका.

"प्लास्टिकसारखा आवाज" हे अर्धवट खरं आहे. चांगल्या मॉडेलांत आवाजाचा मोठा वाटा टॉपचा असतो, आणि टॉप अखंड स्प्रूसचा असतो. कमी पडतो तो लाकडी पाठीचा उबदारपणा. पाठ स्वतः हलून मधल्या सुरांत जी भर घालते ती इथे नसते. त्याच्या बदल्यात प्रत्येक सूर सुटा आणि स्वच्छ येतो. बोटांनी वाजवणाऱ्यांना आणि एकेका तारेवर जलद ताना घेणाऱ्यांना हे आवडतं, जलद वाजवण्यासाठी प्रसिद्ध गिटारवादक अल डि मेओला यांनी ओव्हेशन जवळ केली ती उगीच नाही. एकट्याने, प्लग न करता, गाण्याला भरीव साथ द्यायची तर मात्र ड्रेडनॉटच सरस. स्वस्त मॉडेलांत टॉपही प्लायचा असतो. तिथे लोकांची तक्रार योग्यच आहे, फक्त दोष बाऊलच्या माथी मारला जातो.

यामागचा विचार समजून घेतला तर निवड सोपी जाते. ओव्हेशन सुरू करणारे चार्ल्स कामन हे मुळात हेलिकॉप्टर बनवणारे, त्यांची कंपनी १९४५ ची. तिथे कंपनं आणि काचतंतूंचे साचे हा रोजचा विषय. ते ज्ञान त्यांनी गिटारकडे वळवलं आणि १९६६ मध्ये ओव्हेशन आली. पुढे अमेरिकन गायक-गिटारवादक ग्लेन कॅम्पबेल यांच्या हातात टीव्हीवर दिसू लागल्यावर ती घरोघरी पोचली. प्रत्येक तारेखाली वेगळा पिएझो ही कल्पनाही याच गिटारींनी रुळवली. १९७६ च्या अ‍ॅडमास या मॉडेलमध्ये तर टॉपही कार्बन फायबरचा, मध्ये बर्च लाकडाचा पातळ थर घालून केलेला. मोठ्या स्टेजवर, मोठ्या आवाजात टिकेल असं वाद्य हाच त्यांच्यापुढचा प्रश्न होता. दिवाणखान्यातल्या आवाजावरून या गिटारीला नापास करणं मला अन्यायाचं वाटतं.

आता घसरणं. बाऊल मांडीवर टेकतो तो अगदी थोड्या जागेवर, म्हणून गिटार वळून टॉप छताकडे बघायला लागतो. वाजवणारा नकळत डाव्या हाताने नेक धरून ठेवतो, आणि बार कॉर्ड (एका बोटाने सगळ्या तारा दाबायचे) दुखायला लागतात ते यामुळे. दोन उपाय खात्रीचे. एक, बसूनही पट्टा लावायचा, आणि त्याची लांबी अशी ठेवायची की बसल्यावर व उभं राहिल्यावर गिटार छातीसमोर एकाच उंचीवर येईल. स्टेजसाठीचा सरावही आपोआप होतो. दुसरा, क्लासिकल पद्धतीने डाव्या पायाखाली १२ ते १५ सेंमीचं स्टूल घेऊन बाऊल दोन मांड्यांच्या मध्ये बसवायचा. या बैठकीत गोल पाठ अडचण न राहता उलट छान बसते. मांडीवर रबरी जाळीच्या चटईचा तुकडा टाकला तरी पुष्कळ फरक पडतो. चोषक कप लावून बसवायचे आधार मात्र बाऊल गुळगुळीत असेल तरच टिकतात. खरखरीत बाऊलवर ते ऐन गाण्यात सुटतात, म्हणून घेण्याआधी हात फिरवून बघा.

---

तारकाम यांचं उत्तर:

वापरलेली घेताना बाकी सगळं नंतर, आधी नेकचा कोन. ३.२ मिमी हा आकडा एकटा काहीच सांगत नाही. तो सॅडल उंच असल्यामुळे आहे, नेक वाकल्यामुळे आहे, की कोन पडल्यामुळे, हे वेगळं करावं लागतं.

तारा सुरात असताना पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावा, जाड ई चौदाव्या फ्रेटवर दाबा, आणि सातव्या-आठव्या फ्रेटवर तार व फ्रेट यांमधली फट बघा. ०.१५ ते ०.२५ मिमी हवी. जास्त असेल तर ट्रस रॉडचं (नेकचा बाक ठरवणाऱ्या आतल्या सळईचं) काम आहे. मग नेकच्या मधोमध फ्रेटांवर सरळ लोखंडी पट्टी ठेवून ब्रिजपर्यंत सरकवा. पट्टीची खालची कड ब्रिजच्या लाकडाच्या माथ्याला टेकली किंवा किंचित वरून गेली तर कोन ठीक. ब्रिजच्या समोरच्या भिंतीवर आपटली तर गिटार परत ठेवा. सपाट पाठीच्या लाकडी गिटारचा नेक वाफेने सोडवून पुन्हा बसवता येतो, ते कसबी कारागिराचं रोजचं काम आहे. जुन्या बाऊल गिटारींत बरेच नेक अशा जोडाने चिकटवलेले असतात की ते सोडवायला फार थोडे लोक हात लावतात. नंतरच्या बोल्टच्या नेकांचं काम होतं, पण बोल्टपर्यंत हात आणि किल्ली पोचली पाहिजे.

ब्रिजच्या मागे अगदी हलका फुगवटा सगळ्याच गिटारींना असतो, तारांच्या ओढीने टॉप तेवढा उचलला जातो. काळजी करायची ती ब्रिजच्या पुढे, साउंडहोलच्या बाजूला, टॉप खाली दबला असेल तर. आत टॉर्च आणि लहान आरसा घालून टॉपला आतून आधार देणाऱ्या ब्रेसच्या पट्ट्या बघा. टॉपवर बोटाच्या पेराने ठिकठिकाणी टकटक करा. कुठे फुटक्या भांड्यासारखा खरखर आवाज आला तर तिथली ब्रेस सुटली आहे. ब्रिजच्या मागच्या कडेखाली साधा कागद सरकवून बघा. या ब्रिजला पिना नसतात, तारा मागून भोकातून ओवलेल्या असतात. पिनांच्या ब्रिजमध्ये तारेचा गोळा टॉपच्या आत अडकतो, इथे १२-५३ जाडीच्या तारांच्या संचाची ७० किलोंच्या वरची सगळी ओढ नुसत्या सरसावर येते. कागद तीन-चार मिमी आत गेला तर ब्रिज उचलायला लागला आहे, आणि ते काम लगेच करून घ्यावं लागेल.

मग केबल लावून प्रत्येक तार एकाच जोराने वाजवा. एखादी तार बाकीच्यांपेक्षा दबकी वाटली तर बहुतेक वेळा सॅडल खाचेत नीट टेकलेलं नसतं किंवा खाली कचरा असतो. तो एकच पिएझो मेलेला असण्याची शक्यताही असते, आणि जुन्या मॉडेलांचे सुटे भाग मिळवणं हे स्वतंत्र डोकेदुखीचं काम आहे, विशेषतः २०१४ मध्ये ओव्हेशनचा अमेरिकेतल्या न्यू हार्टफर्डचा मूळ कारखाना बंद झाल्यापासून. बटणं फिरवताना खरखर आली तर घाबरू नका, कॉन्टॅक्ट क्लीनरने ती जाते.

शेवटी बाऊल आणि टॉप यांचा जोड सगळीकडून नखाने चाचपा, आणि टॉपवर बारीक भेगा तिरप्या उजेडात बघा.

---

खर्ज:

सगळ्यांचे मनापासून आभार. तारकाम, तुम्ही सांगितल्याप्रमाणे मोजलं. सातव्या फ्रेटवर फट ०.४ मिमी आहे. पट्टी ब्रिजच्या माथ्यावरून साधारण अर्धा मिमी वरून जाते. कागद कुठेच आत जात नाही, पुढे टॉप दबलेला नाही. सॅडल ब्रिजच्या वर बारीक ई कडे ५ मिमी दिसतं, जाड ई कडे थोडं जास्तच. सगळ्या तारा सारख्या वाजतात. सॅडल घासून कमी करू का?

---

तारकाम:

गिटार चांगली आहे, घ्या. पण सॅडल घासू नका. या गिटारींत बऱ्याचदा सॅडल आणि पिकअप हा एकच नग असतो, खालून घासलं तर पिएझोच कापला जातो. त्याच्या खाली उंचीसाठी पातळ पट्ट्या म्हणजे शिम ठेवलेल्या असतात. त्या काढून अ‍ॅक्शन उतरवायची.

आधी ट्रस रॉड. तारा दोन सुरांनी ढिल्या करा, साउंडहोलमधून अ‍ॅलन की लावा, घड्याळाच्या दिशेने पाव फेरा. पुन्हा सुरात लावून मोजा. एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा जास्त नाही, आणि जोर लावावा लागला तर थांबा. फट ०.२ वर आली की बाराव्या फ्रेटवर जेमतेम ०.१ मिमी फरक पडेल. म्हणजे जाड ई ३.१, बारीक ई २.५.

मग शिम. सॅडल जितकं खाली जातं त्याच्या निम्मंच बाराव्या फ्रेटवर दिसतं. ०.८ मिमीची एक शिम काढली की ०.४ मिमी उतरतील: २.७ आणि २.१. दोन काढल्या तर २.३ आणि १.७. तुमचं काम स्ट्रमिंगचं, म्हणून एकच काढा, तारा चढवा, जोरात वाजवा. तरीही जड वाटलं तरच दुसरी. शिम पूर्ण लांबीची असल्याने दोन्ही कडा सारख्याच उतरतात, आणि १.७ वर बारीक तारा जोरात मारल्यावर फ्रेटवर खणखणू शकतात.

तारा पूर्ण काढल्या की सॅडल मोकळं होतं. ते सरळ वर उचला, वायर अगदी नाजूक असते, ओढू नका. कुठली बाजू जाड ई ची आणि शिमा कोणत्या क्रमाने होत्या याचा मोबाइलवर फोटो घेऊन ठेवा. खाच कोरड्या ब्रशने साफ करा. काढलेली शिम त्याच केसच्या कप्प्यात जपून ठेवा, ऋतू बदलला की तिची गरज पडू शकते. नव्या तारा मागून ओवताना ब्रिजच्या मागे टॉपवर जाड कागद ठेवा, नाहीतर तारेच्या टोकाने पॉलिशवर ओरखडे उमटतात. तारा ११-५२ च्या लावल्यात तर एकूण ओढ सात-आठ किलोंनी कमी होईल आणि ब्रिज व टॉप दोघांनाही आराम मिळेल. पिएझोमधून त्या तशाही पातळ ऐकू येत नाहीत.

---

आडवी पट्टी:

घेणार असालच तर हवेतल्या ओलाव्याची काळजी साध्या गिटारपेक्षा थोडी जास्तच घ्या. "फायबरची आहे, काही होत नाही" हे फक्त बाऊलपुरतं खरं आहे. बाऊल ओलावा शोषत नाही, त्यामुळे आकसतही नाही. स्प्रूसचा टॉप मात्र कोरड्या हवेत रेषांच्या आडव्या दिशेने आकसतो. लाकडी गिटारमध्ये पाठ आणि टॉप दोन्ही थोडे हलतात. इथे टॉप चारही बाजूंनी न हलणाऱ्या चौकटीला चिकटलेला असतो, मग तो स्वतःच तडकतो. या गिटारींच्या टॉपवर ब्रिजच्या मागे किंवा कडेला लांब उभ्या भेगा दिसतात त्या बहुतेक याच कारणाने. आर्द्रता ४५ ते ५५ टक्के ठेवा. केसमध्ये छोटा हायग्रोमीटर ठेवा, एसी किंवा हीटरच्या खोलीत वाजवून झालं की उघडी ठेवू नका, आणि कोरड्या दिवसांत साउंडहोलमध्ये लटकवायचा ह्युमिडिफायर वापरा. बंद गाडीत उन्हात तर अजिबात नाही, ब्रिजखालचा सरस मऊ पडतो.

बाऊललाच तडा गेला असेल तर तो आतून काचतंतूची जाळी आणि इपॉक्सी लावून पक्का जोडता येतो, आवाजावर परिणाम जाणवत नाही. टॉपची भेग मात्र वाढू द्यायची नाही, दिसल्याबरोबर आतून आधार लावून घ्यायचा.

केस त्याच बाऊलच्या आकाराची घ्या. सपाट तळाच्या ड्रेडनॉटच्या बॅगेत ही गिटार आत डुगडुगते आणि धक्का लागला की सगळा भार नेकच्या टाचेवर येतो. स्टँडही नेक वरून अडकवून धरणारा हवा. खालच्या दोन दांड्यांवर नुसती टेकवलेली गोल पाठ केबलला पाय लागला की गरकन वळते आणि हेडस्टॉकवर पडते.

---

साउंडचेक:

एक राहिलं. नवीन तारा आणि उतरलेली अ‍ॅक्शन यांनी पिएझोचा आवाज बदलतो, त्यामुळे ईक्यू आणि नॉच हे सगळं सेटअप झाल्यावरच लावा. पहिल्या कार्यक्रमाआधी तालमीत, ड्रम चालू असताना, मॉनिटर नेहमीच्या जागी ठेवून एकदा घुमवून बघा. जो सूर सापडेल तो चिकटपट्टीवर लिहून प्रीअँपजवळ लावून ठेवा.